तोच केन, पण हात त्याला ओळखत नाही : पुढच्या भागात लढवय्या बदलतो म्हणजे नेमके काय बदलते?

अर्धवर्तुळ

नमस्कार. 'स्ट्रीट फायटर २' या दोघांच्या लढतीच्या व्हिडिओ खेळाच्या १९९२ मधील टर्बो आवृत्तीवर माझा हात बसला आणि त्या खेळात केनशिवाय दुसरे पात्र मी क्वचितच घेतले. त्यानंतर बरीच वर्षे हे खेळ पूर्णपणे सुटले. गेल्या काही महिन्यांपासून २०२३ मध्ये आलेला 'स्ट्रीट फायटर ६' खेळू लागलो आहे आणि जुन्या ओळखीला स्मरून पुन्हा केनच निवडला आहे. अडचण अशी की, ही ओळख एकतर्फी निघाली.

माझा जुना खेळ अगदी साधा होता. अर्ध्या पडद्याचे अंतर राखायचे, हादोकेन म्हणजे ऊर्जेचा गोळा फेकायचा, समोरचा कंटाळून किंवा घाबरून उडी मारून आला की शोर्युकेनने, म्हणजे उसळत वर जाणाऱ्या ठोशाने, त्याला हवेतच उचलायचे. आता त्याच अंतरावरून हादोकेन फेकला, तर समोरचा दोन बटणे एकदम दाबून तो अंगावर घेतो आणि तसाच पुढे येऊन मला भिंतीपर्यंत भिरकावून देतो. नाहीतर जागच्या जागी उभा राहून तो शांतपणे झेलतो. याउलट ऑनलाइन भेटणारे इतर केन हादोकेन फारसा फेकतच नाहीत. ते धावत अंगावर येतात, एकामागून एक लाथा घालतात आणि कोपऱ्यात नेऊन सोडतात. धावणे ही माझ्या आठवणीतल्या केनची गोष्टच नव्हती. भरीस भर म्हणून लाल पोशाखातला तो हसरा, श्रीमंत गडी आता दाढी वाढलेला, मळक्या जाकिटातला फरार माणूस झाला आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. पात्राचे नाव, केसांचा रंग आणि दोन-तीन हाका एवढेच शिल्लक राहिले असेल, तर त्याला तेच पात्र म्हणण्यात काय अर्थ आहे? आणि जुन्या सवयींपैकी कोणत्या राखाव्यात आणि कोणत्या टाकाव्यात, हे ओळखायचे कसे? "सगळे नव्याने शिका" हे उत्तर मला मिळालेले आहे. ते मान्य असले, तरी पुरेसे वाटत नाही.

---

चौकट६०

आपला प्रश्न आवडला, कारण तो बहुतेक वेळा उलट्या बाजूने विचारला जातो. लोक दोन भागांतील मूव्ह्जच्या याद्या शेजारी ठेवतात, काय गेले आणि काय आले ते मोजतात आणि त्यावरून पात्र किती बदलले ते ठरवतात. माझ्या मते पात्र एकटे कधीच बदलत नाही. प्रत्येक भागात सर्वांना लागू असणारी एक सामायिक यंत्रणा असते. ती बदलली की पात्राच्या खास मालमत्तेतले काही सगळ्यांच्या वाट्याला जाते आणि सगळ्यांचे म्हणून जे होते, त्यातले काही एखाद्याच्याच पदरात पडते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे येणारा फटका ऐन क्षणी झेलून निकामी करणे, म्हणजेच पॅरी. १९९७ मध्ये 'स्ट्रीट फायटर ३' आला, तेव्हा पॅरी प्रत्येक पात्राला उपलब्ध होती. फटका लागण्याच्या क्षणी काठी (जॉयस्टिक) पुढे ढकलायची, एवढेच. एव्हो या लढाऊ खेळांच्या स्पर्धेतला, २००४ मधला दाइगो उमेहारा आणि जस्टिन वाँग या खेळाडूंचा सामना आपण पाहिला असेल. वाँगच्या चुन-ली या पात्राच्या सुपरमधल्या, म्हणजे राखून ठेवलेल्या मोठ्या हल्ल्यातल्या, सगळ्या लाथा दाइगोच्या केनने एकेक करून झेलल्या आणि उलट वार करून सामना फिरवला. तो प्रसंग केनच्या नावावर लागला असला, तरी ज्या कौशल्यामुळे तो घडला, ते त्या भागातल्या कोणत्याही पात्राचे होते. २००८ च्या चौथ्या भागात ही पॅरी नव्हतीच. २०१६ च्या पाचव्या भागात ती परतली, पण प्रामुख्याने मालिकेचा नायक रियू याची खास विद्या म्हणून, त्याच्या व्ही-स्किलच्या (त्या भागात प्रत्येक पात्राला मिळालेल्या खास कौशल्याच्या) रूपात. २०२३ मध्ये ती ड्राइव्ह पॅरी या नावाने पुन्हा सर्वांची झाली. या एका बदलामुळे रियूचे एक वैशिष्ट्य सर्वांमध्ये वाटले गेले आणि त्याला देन्जिनची ऊर्जा साठवून हादोकेन जड करण्याची वेगळी सोय द्यावी लागली.

केनचा प्रवास याच्या उलट दिशेने झालेला आहे. त्याचे धावणे पाचव्या भागात व्ही-स्किल म्हणून आले, म्हणजे त्या भागाच्या यंत्रणेने ठेवलेल्या चौकटीत बसवलेली ती एक जादाची गोष्ट होती. सहाव्या भागात ती चौकटच काढून टाकण्यात आली, धावणे मात्र राहिले आणि आता तेच त्याच्या खेळाचा कणा आहे. आपण मधले भाग खेळला नाहीत, म्हणून ते आपल्याला आकाशातून पडल्यासारखे वाटले.

थोडे मागे जाऊ. १९८७ च्या पहिल्या भागात रियू पहिल्या खेळाडूचा आणि केन दुसऱ्याचा, इतकाच काय तो फरक होता. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'मध्येही दोघांचे शरीर जवळपास एकच आहे, डोके तेवढे वेगळे. त्या आवृत्तीत दोन्ही खेळाडूंना एकच पात्र घेता येत नव्हते. त्यामुळे एकाने रियू घेतला, तर दुसऱ्यासाठी केन ही जवळजवळ तीच वस्तू उपलब्ध राहत असे. १९९२ च्या चॅम्पियन एडिशनमध्ये दोघांनाही एकच पात्र घेण्याची मुभा मिळाली आणि त्याच क्षणी केनच्या अस्तित्वाचे व्यावहारिक कारण संपले. त्याचा शोर्युकेन लांब कमानीने जाऊ लागला तो याच आवृत्तीत. हा योगायोग असेल असे मला वाटत नाही, अर्थात हा माझा तर्क आहे. पुढे १९९३ मध्ये त्या शोर्युकेनला आगीच्या ज्वाळा आल्या आणि १९९४ च्या सुपर टर्बोत त्याला निरनिराळ्या कोनांतून येणाऱ्या नव्या लाथा मिळाल्या. आजची जिनराई किक आणि तिच्यातून फुटणारे तीन फाटे पाहताना मला त्या १९९४ च्या लाथांचीच आठवण येते.

म्हणजे आपण ज्या केनला मूळ केन समजत आहात, तो स्वतःच एका बदलाच्या मधोमध पकडलेला केन आहे. रियूपासून वेगळे होण्याची क्रिया तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. आपल्याला दूर अंतरावरचा खेळ आवडत होता आणि तो त्या काळी दोघांकडेही होता. पुढे वाटणी झाली. अंतर रियूकडे गेले आणि चढाई केनकडे. खरे सांगायचे तर आपण त्या वेळी केन नव्हे, रियूच खेळत होतात. पोशाख तेवढा लाल होता.

---

मागे_धरून_पुढे

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण यंत्रणा बदलली की पात्र बदलते हे विधान मला सरसकट मान्य नाही. मी सुरुवातीपासून गाईल हे पात्र खेळत आलो आहे. १९९१ मध्ये त्याच्याकडे दोन खास मूव्ह होत्या, सॉनिक बूम हे फेकायचे अस्त्र आणि फ्लॅश किक ही वर उसळणारी लाथ. आजही त्या दोन्ही आहेत आणि करण्याची रीतही तीच आहे : मागे धरून ठेवायचे आणि मग पुढे, खाली धरून ठेवायचे आणि मग वर. काठी खालच्या-मागच्या कोपऱ्यात दाबून बसलो की दोन्हींची तयारी एकाच वेळी होते आणि बचावही होतो. त्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याने कितीतरी वर्षे काढलेली आहेत. सहावा भाग पहिल्यांदा सुरू केला, त्या संध्याकाळी कोणतीही यादी न वाचता मी पहिला सामना जिंकलो.

नवे काही आले नाही असे नाही. पाचव्या भागात व्ही-स्किल म्हणून मिळालेले सॉनिक ब्लेड सहाव्यात साधी मूव्ह झाले आणि त्या भागातला सॉलिड पंचर आता सुपर झाला आहे. या बाबतीत चौकट६० यांचे निरीक्षण गाईललाही लागू पडते. शिवाय पुढची दिशा आणि ठोसा अगदी एकाच फ्रेमला (सेकंदाच्या साठाव्या भागाला) पडले, तर अधिक दमदार सॉनिक बूम निघतो; म्हणजे जुन्याच हालचालीत कसबाची आणखी एक पायरी खोदली गेली. पण समोरच्यापुढे गाईल जो पेच टाकतो, तो तसूभरही हललेला नाही. संथ बूम फेकायचा, त्याच्या मागोमाग चालत जायचे आणि समोरच्याला विचारायचे : तू उडी मारणार की थांबणार? उडी मारलीस तर फ्लॅश किक आहे, थांबलास तर मी आणखी दोन पावले पुढे आलो आहे.

माझ्या मते पात्राची ओळख म्हणजे हा पेच. तो टिकला, तर मूव्ह्ज शंभर वेळा बदलोत, पात्र तेच राहते. जिथे तो टिकू शकत नाही, तिथे पात्राला न आणणेच शहाणपणाचे. पॅरी असलेल्या तिसऱ्या मालिकेत गाईल नव्हता. त्याच मालिकेतल्या १९९९ च्या थर्ड स्ट्राइकमध्ये त्याच्या वळणाची शस्त्रे घेऊन रेमी आला. फेकलेले प्रत्येक अस्त्र विनाखर्च झेलता येते, अशा जगात रेमीची काय ओढाताण होते, हे ज्यांनी तो खेळला आहे त्यांना ठाऊक आहे. त्या जगात गाईलचे हाल व्हायचे, ते रेमीचे झाले.

जाता जाता एक आठवण. २०१६ च्या डिसेंबरमध्ये पाचव्या भागात मोठे फेरफार झाले. बहुतेक पात्रांच्या साध्या शोर्युकेन-छापाच्या मूव्ह्जमधले अभेद्यपण (तेवढ्या क्षणांपुरता फटका न लागणे) काढून ते मीटर, म्हणजे साठवलेली ऊर्जा, खर्चणाऱ्या प्रकारापुरते ठेवण्यात आले आणि रियूची धार बरीच बोथट झाली. त्यानंतर दाइगो उमेहारा यांच्यासारखा रियूशी वर्षानुवर्षे जोडलेला खेळाडू गाईलकडे वळला. भाग तोच, क्रमांक तोच, तरीही पात्र हातातून निसटले. तेव्हा हा बदल केवळ दोन भागांच्या मधल्या काळात होतो, असे समजू नये.

---

डावीलाथ

मी 'टेक्केन' या दुसऱ्या लढाऊ खेळाकडून आलो आहे आणि माझे दुःख अर्धवर्तुळ यांच्याहून मोठे आहे, म्हणून लिहितो.

१९९७ च्या 'टेक्केन ३'मध्ये जिन काझामा आला. त्याच्याकडे वडिलांकडून आलेली मिशिमा घराण्याची शैली होती आणि आईकडून आलेले काझामा घराण्याचे काही डाव होते. काठी पुढे, मध्ये, खाली, तिरकी खाली आणि उजव्या हाताचे बटण. वाकून झेप घेत खालून वर येणारा तो ठोसा ज्या दिवशी दहापैकी दहा वेळा निघाला, तो दिवस मला अजून आठवतो. टेक्केनमध्ये चार बटणे म्हणजे दोन हात आणि दोन पाय असल्यामुळे ही सवय डोक्यात राहत नाही, ती थेट अंगात उतरते.

मग २००१ मध्ये चौथा भाग आला. कथेत जिनला आपल्या मिशिमा रक्ताचा तिटकारा आला आहे. तो ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला जातो, शिकलेली घराण्याची विद्या टाकून देतो आणि पारंपरिक कराटे शिकतो. कथा म्हणून ही कल्पना उत्तम आहे. लढाऊ खेळांमध्ये कथा बहुधा सामन्यांच्या मधल्या चित्रफितींपुरती असते. इथे तिने थेट खेळाडूच्या हातात हात घातला. पात्राने जे विसरायचे ठरवले, ते मलाही विसरावे लागले. मात्र त्याने स्वेच्छेने विसरले आणि माझ्यावर सक्ती झाली, एवढा फरक आहे. नवा जिन कमकुवत होता असेही नाही, त्या भागातील सर्वांत बलवान पात्रांत त्याची गणना होते. तरीही मी त्याला परका मानत राहिलो.

२००४ च्या पाचव्या भागात निर्मात्यांनी जो मार्ग काढला, तो मला अजूनही चतुर वाटतो. जिनच्या अंगातील सैतानी रूप डेव्हिल जिन या नावाने स्वतंत्र पात्र झाले आणि तिसऱ्या भागातील जिनच्या जुन्या डावांपैकी बहुतेक त्याला मिळाले. ज्याने मिशिमा रक्त नाकारले तो कराटे खेळतो आणि ज्याच्यावर त्या रक्ताने ताबा मिळवला तो जुनी विद्या खेळतो. कथाही बसली आणि माझ्यासारख्यांची सोयही झाली. आजवर ती दोन पात्रे वेगवेगळीच आहेत. २०२४ च्या आठव्या भागातही दोघे शेजारी-शेजारी निवडता येतात.

हीच युक्ती त्याआधी 'द किंग ऑफ फायटर्स'मध्ये झालेली होती. क्यो कुसानागी १९९४ आणि १९९५ च्या भागांत जमिनीवरून सरपटत जाणारी ज्वाळा फेकत असे. १९९६ च्या भागात ती ज्वाळा गेली आणि तो जवळ जाऊन एकाला एक जोडून ठोसे मारणारा लढवय्या झाला. त्याच भागात सर्वांना लोळण आणि आखूड उडी मिळाली होती, म्हणजे अस्त्र चुकवून जवळ येणे सगळ्यांनाच सोपे झाले होते. चौकट६० यांचा मुद्दा इथे चपखल बसतो. आणि १९९९ च्या भागात क्योच्या प्रतिकृती आणल्या, तेव्हा त्यांतल्या एकीच्या हाती ती जुनी ज्वाळा पुन्हा देण्यात आली.

'मॉर्टल कॉम्बॅट'चा सब-झीरो याच्या अगदी उलट आहे. १९९२ च्या पहिल्या भागातला सब-झीरो मारला गेला आणि १९९३ च्या दुसऱ्या भागात तेच नाव आणि तोच मुखवटा घेऊन त्याचा धाकटा भाऊ आला. माणूस बदलला, पण समोरच्याला गोठवणे आणि बर्फावरून घसरत जाऊन पाय उडवणे हे तसेच राहिले, त्यामुळे खेळणाऱ्यांपैकी कुणालाही आपले पात्र गेले असे वाटले नाही. जिनच्या बाबतीत माणूस तोच राहिला आणि माझे पात्र गेले. म्हणून मागे_धरून_पुढे यांनी पेचाबद्दल जे म्हटले आहे, ते मला पटते, पण त्यात हाताची भर घालावीशी वाटते. पेच टिकला आणि तो टाकण्याची हालचाल बदलली, तरीसुद्धा खेळाडूला पोरके वाटते.

---

अर्धवर्तुळ

तिघांचेही मनःपूर्वक आभार. "आपण रियूच खेळत होतात" हे वाक्य वाचून आधी राग आला आणि नंतर खात्री करण्यासाठी काल रात्री रियू घेऊन दहा सामने खेळलो. त्यातले चार जिंकलो, जे केनसोबत मला आठवड्याभरात जमले नव्हते. तरीही तो माझा वाटला नाही. हात बरोबर चालत होता, पण पडद्यावर चुकीचा माणूस होता. डावीलाथ यांचा अनुभव याच्या नेमका उलटा आहे, याची मला गंमत वाटली.

मला केनच खेळायचा आहे, असे आता ठरले आहे. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाकडे पुन्हा वळतो : काय राखावे आणि काय टाकावे?

---

चौकट६०

मग सरावाच्या खोलीत जा आणि मूव्ह्जची यादी उघडू नका. आपल्या जुन्या खेळातली एकच जागा घ्या : खाली बसून मारलेली मधली लाथ. १९९२ मध्ये ती लागली की त्याच ओघात आपण हादोकेन जोडत होतात, हे मी न पाहताही सांगू शकतो, कारण त्या काळी सगळेच ते करत. ती लाथ आजही तशीच आहे, तिचा उपयोगही तोच आहे आणि ती कोणत्या अंतरावरून पोहोचते हे आपल्या डोळ्यांना आधीच कळते. बदलले आहे ते तिच्या पुढचे पाऊल. आता तिच्यातून ड्राइव्ह रशमध्ये, म्हणजे झपाट्याने पुढे झेपावण्यात, शिरायचे असते. सहा खणांच्या ड्राइव्ह मापकातले तीन खण त्यासाठी खर्च होतात, म्हणून ते प्रत्येक वेळी करू नये. पण केले तर हादोकेनने जिथे समोरचा दूर ढकलला जात होता, तिथे आपण त्याच्या अंगाशी जाऊन उभे राहतो. सवय अर्धी राखायची आणि अर्धी बदलायची आहे.

उडी मारून येणाऱ्याला शोर्युकेन, ही सवय पूर्ण राखा. धडपडून उठताना आंधळेपणाने मारलेला शोर्युकेन मात्र सोडा. साधा प्रकार हवेतून येणाऱ्याविरुद्ध भरवशाचा आहे, जमिनीवरून अंगावर येणाऱ्यासाठी ड्राइव्ह मापक खर्चणारा ओव्हरड्राइव्हचा प्रकार लागतो आणि तो अडवला गेला तर शिक्षा मोठी असते.

हादोकेनबद्दल. समोरचा दोन बटणे दाबून अंगावर घेतो ते ड्राइव्ह इम्पॅक्ट आहे. ते दोन फटके पचवते, पण सुरू व्हायला त्याला २६ फ्रेम लागतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या, तर हा काळ अर्ध्या सेकंदाहूनही थोडा कमीच आहे, तरी रंगांचा तो स्फोट दिसताच आपणही तीच दोन बटणे दाबली, तर उशिरा निघालेला जिंकतो. अट एवढीच की त्या क्षणी आपले हात हादोकेनमध्ये अडकलेले नसावेत. म्हणून आधी समोरच्याला तीन-चार वेळा नुसते पुढे-मागे चालून दाखवा आणि तो कशाला बिथरतो ते पाहा. हादोकेन त्यानंतर, क्वचित आणि शक्यतो पडद्याच्या पार टोकावरून.

धावणे शेवटी शिका. धावताना थांबता येते, हे आधी वापरून पाहा. धावत येऊन काहीच न करणारा केन समोरच्याला सर्वांत जास्त गोंधळात टाकतो.

---

मागे_धरून_पुढे

पोशाखाचे दुःख असेल, तर लाल पोशाखही त्या भागात आहे. पात्र निवडताना दुसरा पर्याय घ्यावा. दाढी मात्र आता सोबत राहील असे दिसते.

---

अर्धवर्तुळ

लाल पोशाख घेतला. काल खाली बसून मारलेल्या मधल्या लाथेनंतर दोनदा ड्राइव्ह रश निघाला आणि सवयीने सहा वेळा हादोकेन.